बाचा बाप्तिस्मा आणि काकाचा दोर

दिवाळी झाली की बा वसईकडे वीटभट्टीवर जायचा. मागोमाग आय आणि मी. पावसाच्या तोंडावर सूर्यमाळला, आमच्या गावी, परत यायचो तेव्हा बाच्या अंगात दारू आणि आयच्या अंगात ताप, एवढीच कमाई असायची. कणगीतली नागली, म्हणजे नाचणी, आम्ही जाण्याआधीच संपलेली. पुढे मला आश्रमशाळेत टाकलं म्हणून मी दोन वेळ जेवले, आणि जेवता जेवता शिकले. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. पाड्यात सगळ्यांचं तसंच होतं, त्यामुळे रडून दाखवायचं तरी कुणाला?

मी आमच्या घरातली पहिली बी.ए. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढच्या सगळ्या प्रकारात माझ्या बी.ए.चा काडीचा उपयोग झाला नाही. आमची घरची बोली वेगळी आहे. इथे बोलणं लिहिताना वाचणाऱ्याला कळेल इतपतच तिची चव ठेवली आहे.

आमच्या घरात प्रभू आला तो मावशीच्या वाटेने. मावशी दाभोशाला दिली आहे. तिच्या पडवीत उपासना व्हायची. एका वर्षी आयचा ताप उतरेना म्हणून मावशी तिला घेऊन गेली, जव्हारच्या दवाखान्यात दाखवलं आणि घरी आणून तिच्यासाठी प्रार्थना केली. ताप गोळ्यांनी गेला की प्रार्थनेनं, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. आय म्हणाली, "दोन्ही देवाचंच हाय. आता मला भाकर वाढा."

आयला परत आणायला बा गेला तो झिंगलेलाच. दारात उभा राहून ओरडायचं असं ठरवून गेला होता. पण पडवीत सगळे गात होते, त्याचं ओरडणं कुणाला ऐकूच गेलं नाही. कुणीतरी सरकून जागा दिली. बा बसला आणि पास्टरांचं प्रवचन सुरू होताच झोपला. उठला तेव्हा समोर भात-डाळीचं ताट. पुढच्या खेपेला तो आपणहून गेला. पुढे भट्टीवर जाणं सुटलं, दारूही सुटली. दारू कोणत्या दिवशी सुटली हे त्यालाही सांगता येत नाही. विचारलं की एवढंच म्हणतो, "तिथं मला कोण हाड म्हणाला नाय."

पाड्यात मात्र काळजी पसरली. बा पीत नाही म्हणजे पोटाचं काही मोठं दुखणं असणार, म्हणून दोन बाया बघायला येऊन गेल्या.

आयचा बाप्तिस्मा लगेच झाला. आमच्या मंडळीत बाप्तिस्मा पाण्यात पुरतं बुडवून देतात. दाभोशाला नदी आहे, धबधब्याच्या बऱ्याच वर, गाव जिथे कपडे धुतं तिथे शांत डोह आहे. आय उतरली, पास्टरांनी बुडवली, वर आली, केस पिळले आणि म्हणाली, "बरं वाटलं. उन्हाळ्यात पयल्यांदाच डोक्यावरून पाणी पडलं." सूर्यमाळला उन्हाळ्यात टँकर येतो. नळ दारात आहे, त्याच्यावर आम्ही टॉवेल वाळत घालतो. त्यामुळे आयचं म्हणणं सगळ्यांना पटलं.

बाचं घोडं मात्र पाण्यापाशी अडलं. तो पाण्याला घाबरायचा.

त्याचं कारण होतं शेजारच्या घरात, आणि ते कारण रोज सकाळी आमच्या अंगणात येऊन बिडी पेटवायचं. ते म्हणजे माझा काका, बाचा मोठा भाऊ. आमची दोन घरं एकाला एक लागून, मधे फक्त कारवीचा कूड. दोघे लहान असताना उन्हाळ्यात विहीर तळाला जायची तेव्हा हलक्या पोराला दोराने आत सोडायचे. ते पोर वाटीवाटीने हंडा भरायचं आणि वरचे तो ओढून घ्यायचे. बा हलका म्हणून खाली, काका थोरला म्हणून वर, दोर हातात. असंच एकदा बा अर्ध्यावर असताना दोर सुटला. पाणी वीतभरच होतं, पण बा पडला तोंडावर. नाकातोंडात चिखल गेला. माणसांनी बाहेर काढलं.

बाचं म्हणणं, काकाने दोर सोडला. काकाचं म्हणणं, बाने खाली दोर सोडला. दोघांचेही केस पिकले तरी निकाल लागला नव्हता. पण त्यावरून वैर नव्हतं. बाने प्रभूला धरलं तेव्हाही काका फक्त म्हणाला, "तुझा देव तुला, माझा मला. बिडी हाय का?"

वैर आलं ते माफीमुळे.

झालं असं. पास्टर शिकवायचे की मनात भावाविषयी राग ठेवून देवापुढे येऊ नये, आधी समेट करावा. बाने ते ऐकलं आणि आज्ञा म्हणजे आज्ञा. घरी येऊन हातपायही न धुता काकाच्या ओट्यापुढे उभा राहिला.

"दादा, मी तुला माफ केलं."

काका विळ्याला धार लावत होता. "काय केलंस?"

"माफ."

"कशापायी?"

"दोर सोडलास त्यापायी."

काकाने विळा खाली ठेवला. "मी दोर सोडलाच नाय, तं तू माफ करणारा कोण?"

"नाय सोडलास तरी माफ केलं."

"ती माफी परत घे!"

"दिलेली परत घेता येत नाय. पाप लागतं."

त्या दिवसापासून काका बाशी बोलायचा बंद झाला. जगात भावाभावांत जमिनीवरून फाटतं. आमच्याकडे एकाने दुसऱ्याला क्षमा केली म्हणून फाटलं.

बी.ए. झाल्यावर मला मिळालेलं पहिलं काम म्हणजे या दोघांचे निरोप. दोघे हाताच्या अंतरावर बसायचे आणि मधे मी.

"सांग तुझ्या बाला, कोंबड्या आवर म्हणावं."

"सांग तुझ्या काकाला, कोंबडा त्याचाच हाय. तोच येतो आमच्या कोंबड्यांमागं."

"सांग तुझ्या बाला, कोंबडा माझा असला तरी चाल त्याच्यासारखी हाय."

मी सांगायला तोंड उघडायच्या आत उत्तर आलेलं असायचं. तरी मी तिथे लागायचे. उठून गेले की दोघे गप्प.

प्रार्थनेतही तेच. दाभोशाला जाणं महिन्यातून एकदा जमायचं, बाकीच्या रविवारी आमची उपासना घरीच. आय गायची, मी वाचायचे, बा प्रार्थना करायचा. बाची प्रार्थना लांब. सुरुवातीला तो देवाला पत्ता सांगायचा, "देवा, सूर्यमाळ, खालचा पाडा, आंब्याजवळचं घर, दोन घरं हायेत त्यातलं अलीकडचं." पत्ता लागल्याची खात्री झाली की मागणं. आयचे गुडघे, टँकर, नागली, माझी नोकरी. आणि शेवटी आवाज चढवून, कुडाकडे तोंड करून, "आणि देवा, ज्यानं दोर सोडला त्याला तू क्षमा कर!"

पलीकडून लगेच, "नाय सोडला!"

"आमेन," आय घाईघाईने म्हणायची.

आता हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण बाच्या जिवाला एक गोष्ट लागली होती. महिन्याच्या त्या रविवारी मावशीच्या पडवीत प्रभुभोजन व्हायचं. मावशीने भाजलेली तांदळाची भाकर आणि द्राक्षरसाच्या जागी करवंदाचं सरबत. बाप्तिस्मा घेतलेल्यांनीच ते घ्यायचं असा आमच्या मंडळीचा नियम. ताट एकेकापुढे थांबत यायचं. आयपुढे थांबायचं, माझ्यापुढे थांबायचं. कारण कॉलेजच्या वर्षांत माझाही बाप्तिस्मा झाला होता. बापुढे आलं की पास्टर मान लववायचे आणि ताट पुढे जायचं. बा ताटाकडे बघायचा नाही. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसायचा. घरी जाताना जीपमध्ये एकदा म्हणाला, "भाकरीचं काय नाय गं. भाकर घरी पण हाय. पण सगळे बसलेत आणि माझ्यावरून जातं ना, तेव्हा दारात उभा असल्यागत वाटतं."

मी बी.ए. मी त्याला खिडकीची जागा दिली.

प्रयत्न त्याने केले. पहिल्यांदा नाताळाच्या सुमाराला. डोहाच्या काठापर्यंत गेला, पाण्यात बोट घातलं आणि म्हणाला, "पास्टर, देव गरम पाण्यात चालत नाय का?" पास्टरांनी समजावलं. बाने ऐकलं, मान हलवली आणि शेकोटीकडे निघून गेला.

दुसऱ्या खेपेला गुडघ्यापर्यंत गेला. काठावर आम्ही गाणं धरलं होतं. पास्टर कमरेइतक्या पाण्यात हात पुढे करून उभे. बाने अजून एक पाऊल टाकलं, थांबला, खाली बघितलं आणि झटकन वाकला. आम्हाला वाटलं, आपणच बुडी मारतोय! मावशी "हालेलुया" ओरडली. बा वर आला तो दोन्ही हातांत दोन खेकडे धरून. चांगले थोराड, काळे. "पिशवी आणा, पिशवी!" करत काठावर आला तो आलाच, परत पाण्याकडे फिरकला नाही. पास्टर हात पुढे करून तसेच उभे. दुपारी मावशीने खेकड्यांचा रस्सा केला. पास्टरांनी बाकडे रागाने बघत दोनदा वाढून घेतला.

मग पास्टरांनी घरी सराव करायला सांगितलं. हात छातीवर, नाक चिमटीत, डोळे मिटून मागे रेलायचं, मागून धरणारा धरतो. सरावाला पाणी हवं. घरात पाणी एकाच ठिकाणी, निळ्या ड्रममध्ये. बाने लुंगी वर खोचून ड्रममध्ये एक पाय टाकलेला आयने पाहिला.

"तो ड्रम पिण्याचा हाय!"

"देवाच्या कामाला हाय."

"देवाला नदी दिलीय. माझ्या ड्रमात पाय घातलास तं आज चहा पायाच्या चवीचा पिशील!"

बाने पाय काढला. आणि कोरडा सराव करायचं ठरवलं.

कोरडं मागे पडायचं तर खाली मऊ हवं. ते दिवस राबाचे होते. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर आधी पालापाचोळा, फांद्या, शेण यांचा थर रचतात आणि मग तो जाळतात, त्याला राब म्हणतात. काकाने आणि काकूने कितीतरी दिवस डोक्यावरून पाल्याचे भारे आणून मोठा छान राब रचला होता. वर वाळकं गवत, कडेने माती. गादीच ती. बा रोज सकाळी काका गुरं घेऊन गेला की तिथे जायचा, राबाकडे पाठ करायचा, नाक धरायचा, "पित्याच्या नावानं" म्हणायचा आणि धाडकन मागे. उठायचा, अंगावरचं शेण झटकायचा, पुन्हा.

काकाचा राब हळूहळू बसत चालला. काकाला वाटलं, रानडुक्कर लोळतंय. तो एका सकाळी काठी घेऊन झुडपात दबा धरून बसला. मी सकाळी परसात होते, तेवढ्यात आरोळी ऐकू आली. धावत गेले तर बा राबात उताणा, नाक चिमटीत, आणि डोक्यावर काका काठी उगारून.

काका मला बघताच म्हणाला, "विचार तुझ्या बाला, हा कनचा प्रकार?"

बाने नाक न सोडता उत्तर दिलं, "सांग तुझ्या काकाला, मी नदीत उतरायचा सराव करतोय."

काकाने राबाकडे बघितलं, बाकडे बघितलं. "नदी कुठाय?"

"दाभोशाला."

"मंग इथं कशाला मरतोस?" हे तो थेट बाला बोलला. बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि त्याने चटकन मान फिरवून मला सांगितलं, "विचार त्याला."

घरी आयने बाची चांगली हजेरी घेतली. "माफ केलं, माफ केलं म्हणून सगळ्या पाड्याला ऐकवतोस. त्याला काय दिलंस माफीतून? उलट त्याचा राब मोडलास. पास्टर प्रेम करा म्हणतात. प्रेम म्हणजे कुडाकडं तोंड करून बोंबलणं का?"

बा त्या रविवारी प्रार्थनेत पहिल्यांदाच काकाबद्दल काही बोलला नाही. पत्ता सांगितला, गुडघे, टँकर, नागली, नोकरी, आमेन. थोड्या वेळाने पलीकडून काकाचा आवाज आला, "आज माझं काय नाय?" आणि काकूचं हसू.

सोमवारपासून बा रानात जाऊन पाल्याचे भारे आणू लागला. आमचा राब तसाच ठेवून आधी काकाचा रचला. काका ओट्यावर बसून बघायचा. मधेच माझ्याकडे बघून म्हणायचा, "सांग त्याला, शेण कमी पडतंय." बा शेण घालायचा. राब आधीपेक्षा उंच झाला. काकाने भोवती फिरून बघितलं, एक काटकी सरळ केली, कारण मोठ्या भावाने काहीतरी सरळ करायलाच हवं असतं, आणि आत गेला.

पुढच्या महिन्यात दाभोशाला जायच्या वेळी मावशीने आमच्या दोन्ही घरांना माशांच्या जेवणाला बोलावलं होतं. जीप दारात आली तर काकू आधीच आत बसलेली, पदर सावरून. मागून काका आला. "सांग तुझ्या बाला, मी मासे खायला येतोय. बाकी कशाला नाय." आणि बाच्या शेजारचीच जागा रिकामी होती म्हणून तिथे बसला. मोखाड्याला जीप बदलली, तेव्हाही तीच जागा योगायोगाने रिकामी निघाली.

डोहावर पुन्हा तेच. पास्टर कमरेभर पाण्यात. आम्ही काठावर गातोय. काका जरा लांब, खडकावर बिडी घेऊन, पाहुण्यासारखा. बा घोट्यापर्यंत गेला. गुडघ्यापर्यंत गेला. खेकड्यांसाठी खाली बघू नको असं आयने बजावलं होतं, म्हणून मान आभाळाकडे. मांडीपर्यंत गेला आणि थांबला. त्याचे खांदे थरथरताना मला काठावरून दिसले. गाण्याची कडवी संपली, आम्ही पुन्हा पहिल्यापासून धरलं. बा हळूहळू वळला. चेहरा पांढरा. मला ते तोंड ओळखीचं होतं. ताट पुढे गेल्यावरचं तोंड.

तेवढ्यात खडकावरून काका उठला. बिडी फेकली आणि धोतरासकट, चपलांसकट पाण्यात शिरला. थेट बाच्या जवळ गेला आणि त्याचं मनगट धरलं.

"चल. धर मला. या खेपेला नाय सोडत."

आमचं गाणं बंद पडलं.

बाचा थरथराट पण बंद पडला. "काय म्हणालास?"

"चल म्हणालो."

"त्याच्यानंतर! या खेपेला नाय सोडत म्हणालास. म्हणजे त्या खेपेला सोडलेलास!"

"थंडी वाजतेय. मुकाट चल."

"आधी सांग. सोडलास का नाय?"

"इथं पाण्यात सांगू?"

"इथंच. सगळ्यांपुढं."

काकाने काठाकडे बघितलं. काकू कमरेवर हात ठेवून उभी होती. आय पण. काकाने मान खाली घातली. "सोडला. विहिरीजवळनं ससा गेला. ससा बघून हात सुटला. पोरगा होतो मी पण." मग हळू आवाजात, "तू पडलास तेव्हा मी रडलोय. तुला कोण सांगितलं नाय."

मग बाने विचारलं, "ससा घावला का?"

"नाय."

"ससा पण नाय घावला!" बाला त्याचंच जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

पास्टर इतका वेळ हात पुढे करूनच होते. ते म्हणाले, "पापाची कबुली झाली हे उत्तम झालं. फक्त बाप्तिस्मा एकाचा आहे आणि कबुली दुसऱ्याने दिली आहे. आता तुम्ही दोघं जरा इकडे याल का? माझे पाय बधिर झालेत."

दोघे गेले, हात धरून. बाने छातीवर एकच हात घेतला, कारण दुसरा काकाच्या हातात. नाक चिमटीत धरायचं तर हात शिल्लक नाही. पास्टरांनी विचारलं, विश्वास ठेवतोस का? बा मोठ्याने म्हणाला, "ठेवतो." पास्टरांनी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने त्याला मागे रेलवलं. बा पाण्याखाली गेला. आणि काकाने शब्द पाळला. सोडला नाही. त्यामुळे बाच्या मागोमाग काकाही पाण्याखाली गेला.

दोघे एकदमच वर आले. बा ठसकत, हसत, रडत. काका हात वर करून ओरडत, "मी नाय! मी नाय! माझा नका धरू, मी माशांसाठी आलोय!"

पास्टरांना हसू आवरेना. "काका, न मागता कुणाचा बाप्तिस्मा होत नाही. तुमची अंघोळ झाली."

काकाची तेवढ्याने खात्री पटली नाही. सूर्यमाळला आल्यावर तो पाड्याच्या भगताकडे गेला आणि सगळं सांगून विचारलं, आपला देव रागावला तर नाही ना? भगताने तांदळाचे दाणे टाकून बघितले आणि सांगितलं, उन्हाळ्यात अंघोळ केली, देव खूश आहे. काकाचा देव काकाकडे आहे, बाचा बाकडे. सकाळी बिडी एकाच काडीवर पेटते. निरोप सांगायचं माझं काम गेलं. आता मी मोखाड्याला शिकवते, आणि तिथे निदान मुलं माझं वाक्य पुरं होऊ देतात.

पण डोहावरच्या त्या दिवशी दुपारी, माशांच्या आधी, मावशीच्या पडवीत प्रभुभोजन झालं. बाचे केस ओले होते. काका दाराशी खांबाला टेकून उभा होता, चपला उन्हात वाळत घातलेल्या. ताट आयपुढे थांबलं, माझ्यापुढे थांबलं.

मग बापुढे थांबलं, आणि बाने भाकर घेतली.